दोन्ही उजवे

२ फेब्रुवारी

ही वही ताईनं दिली होती. मी निघताना म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहत नाही. तिथं ऐकणारं कुणी नसेल तर यात ओत." चार महिने वही पिशवीत तशीच पडून होती. आज काढली, कारण सांगण्यासारखं आहे आणि ऐकणारं कुणी नाही. सहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा अक्षर कसंही असो.

दुपारी मालकांनी पुढं बोलावलं. पुढं दुकान, मागं कारखाना, मध्ये जाड पडदा. पडद्याच्या या बाजूला आम्ही तिघं. मिस्तरी कातडं आखतात, कापतात आणि फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, चढवतात. मावशी मशीनवर शिवतात. मी भोकं पाडतो. आमच्याकडचा नावाजलेला माल म्हणजे जाड तळाचा, चवड्यावर भोकांची नक्षी असलेला बूट. एका जोडाला तीनशेच्या वर भोकं. चार महिन्यांत मी आयुष्यभराची भोकं पाडली.

मालक म्हणाले, "काउंटरवरचे भाऊ मार्चअखेर जातायत. तू चुणचुणीत आहेस, दिसायला बरा आहेस. अडचण एकच, तुझं बोलणं. वाक्य संपलं तरी तुझं शेपूट चालूच. दोन महिन्यांत ते सरळ कर, काउंटर तुझं."

मी म्हणालो, "करतो कीऽऽ."

ते हसले. मागं पडद्याआडून मावशीही हसल्या. मला इथं सगळे शेपट्या म्हणतात, हे लिहायचं राहिलं.

मला ती खुर्ची पाहिजे. काच, आरसा, इस्त्रीचा शर्ट. घरी सांगता येईल की मी बसून काम करतो. आमच्या घरात आजवर कुणी बसून काम केलेलं नाही.

५ फेब्रुवारी

मिस्तरींना माझी चेष्टा करायला रोज नवं निमित्त लागत नाही, एकच पुरतं. मापाची चिठ्ठी आली की म्हणतात, "वाच." मी वाचतो. "पुन्हा." पुन्हा वाचतो. "सावकाश, तुझ्या पद्धतीनं." मग मी 'लांबी साडेनऊऽऽ, चवडा पावणेचारऽऽ' असं वाचतो आणि मावशी खाली मान घालून हसतात. मिस्तरी हसत नाहीत. डोळे मिटून बसतात, जणू गाणं चाललंय. चिठ्ठी त्यांच्याच हातात असते. स्वतः वाचायला काय जातं?

काम मात्र त्यांना फसवता येत नाही. मी नक्षी पाडलेलं कातडं दिलं की बघतसुद्धा नाहीत, अंगठा फिरवतात. "तेराव्याला घाई केलीस." मोजून पाहिलं. तेरावंच होतं, जरा तिरकं.

११ फेब्रुवारी

खोलीतला माझा सोबती एका उंच इमारतीत लिफ्ट चालवतो. दिवसभर मोठ्या लोकांचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. त्याला मी गुरू केलं. त्याची पद्धत अशी: वाक्य म्हणजे मजला. मजला आला की थांबायचं, अर्ध्यात लोंबकळायचं नाही.

"म्हण, नमस्कार, बसा."

"नमस्कारऽ, बसाऽ."

"तू चौथा मजला सोडून पाचव्याला निघालास. परत."

अडतीस वेळा म्हणायला लावलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "अरे बसले, बसले, पुढं बोला."

१२ फेब्रुवारी

आज एकदाही शेपूट निघालं नाही. कारण दिवसभरात मी सहा शब्द बोललो.

१९ फेब्रुवारी

मिस्तरींचा पारा चढला. टेबल पुसताना मी त्यांची कातडं कापायची रापी आणि चहाचा पेला उजवीकडचा डावीकडे ठेवला. एक वीतभर, जास्त नाही. त्यांचा हात लागून पेला सांडला तर म्हणाले, "माझ्या टेबलावरची वस्तू हलवशील तर हात कापून फर्म्यावर चढवीन." एवढा मोठा पेला समोर होता. त्यांनी पाहून उचलायचा.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो असं आई म्हणते. हे तर राजेच झालेत. सुईत दोरासुद्धा मावशींनी ओवून द्यायचा. रोज सकाळी दहा-बारा सुया ओवून त्यांच्यापुढं ठेवतात. मी विचारलं, "तुम्ही का ओवता?" तर मावशी म्हणाल्या, "तुझं काय जातंय? तुझी भोकं बघ."

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन केला. मुद्दाम नव्या पद्धतीनं बोललो, मजल्यावर थांबत थांबत. आई जपून बोलायला लागली, बँकेतल्या माणसाशी बोलते तशी. "बरं आहे. हो. ठीक आहे." गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, "चाललंय." एरवी गुडघ्याचा विषय अर्धा तास चालतो. ताईनं फोन घेतला आणि म्हणाली, "सर्दी झाली का तुला?"

मी म्हटलं, "नाही, सुधारतोय."

ती म्हणाली, "बरं. सुधारून झालं की फोन कर."

तिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही की काय.

२ मार्च

आज मालकांनी काउंटरवर उभं केलं, परीक्षा म्हणून. एक प्राध्यापकबाई आल्या. केस पिकलेले, चाल जरा हेलकावणारी. लहानपणच्या आजारानं डावा पाय उजव्यापेक्षा दीड नंबर लहान. आजवर दोन वेगळ्या मापांचे जोड घेऊन त्यातला एकेक वापरायच्या. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लांब प्रवासाला निघायचंय, रोज मैलोन्मैल चालणं आहे, म्हणून आयुष्यात प्रथमच आपल्या पायाचे बूट शिवून घेणार. नक्षीचेच पाहिजेत म्हणाल्या.

मी मापं घेतली. बोलणं तुळतुळीत. मालक मागून बघत होते.

बाई भाषा शिकवतात. म्हणाल्या, "गंमत आहे, या बुटाला इंग्रजीत ब्रोग म्हणतात, आणि माणसाच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलालाही ब्रोगच म्हणतात." मी हसलो. मनात म्हटलं, म्हणजे माझ्या दोन्ही दुखण्यांचं नाव एकच.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"इथलाच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असं का." आणि वाकून पाय आपल्या बुटात घातले.

मालकांनी पाठ थोपटली.

९ मार्च

बाईंच्या पायांसाठी नवे साचे कापायचे होते. साचा म्हणजे ज्याच्या कडेनं कातड्यावर रेघ मारतात तो तुकडा. मिस्तरींचे सगळे जुने साचे कातड्याचे आहेत, चाळीस वर्षांचे, काळे पडलेले. मी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापले. एका तासात काम. मिस्तरींनी मापं तोंडी सांगितली, कुठं किती वळण तेही, कागदाकडे न बघता.

हातात घेऊन त्यांनी पुष्कळ वेळ उलटसुलट केले. म्हणाले, "कातड्याचे का नाही केलेस?"

"हे टिकतात. आता सगळे हेच वापरतात."

"दोन्हीकडून गुळगुळीत आहेत."

"मग चांगलंच की."

"वर कुठली बाजू?"

"लिहिलंय ना त्यावर पेनानं," मी म्हटलं. "डावा, उजवा, वर, खाली. सगळं लिहिलंय."

त्यांनी साचे टेबलावर ठेवून दिले. मला वाटलं, एकदाचं त्यांना गप्प बसवलं.

१३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते आधी लिहून टाकतो.

मालक बाहेर गेले होते. मला काउंटरवर बसायला सांगून गेले. नवा शर्ट घातला होता, सोबत्यानं त्याचं अत्तर लावून दिलं होतं. मिस्तरी पडदा सारून तयार जोड घेऊन आले आणि काउंटरशी थांबले. मी आपला नव्या पद्धतीनं म्हणालो, "या, बसा ना."

तर हे वाकून म्हणतात, "नको साहेब, आपण बसा. मालक नाहीत वाटतं? आपण त्यांचे मेहुणे ना, शुक्रवारी हिशेबाला येता ते?"

मी थंड पडलो. तीन हातांवर उभा माणूस. मी म्हटलं, बघू नाटक कुठवर नेतायत. नुसतं "हं" केलं.

मग म्हणाले, "आलाच आहात तर तुमच्या तोंडून मालकांच्या कानावर घाला. माझं ऐकणार नाहीत. मागं एक पोरगा आहे, शेपट्या म्हणतात. त्याला काउंटरवर बसवायचं चाललंय. बसवू नका. बोलणारे दहा मिळतील. असा हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. अजून घाई करतो, पण हात आहे. तो पुढं गेला की मागचं टेबल संपलं."

आणि जोड ठेवून, काउंटरच्या कडेवर हात फिरवत, आत गेले.

माझ्या तोंडावर, मला साहेब म्हणून, माझी खुर्ची काढून घ्यायची मागणी. वर 'असा हात पाहिला नाही' हा टोमणा. शर्ट बदलला म्हणून इतकं झोंबावं? मी मालकांना काहीच सांगितलं नाही. मिस्तरींशी बोलणं बंद. संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी वाचायला सांगितली तर भराभर वाचून टाकली, नव्या पद्धतीनं. ते म्हणाले, "कोण आहे?" मी उत्तरच दिलं नाही.

१७ मार्च

बाईंच्या बुटांची नक्षी पूर्ण. मिस्तरींनी आखलं, कापलं, मी पाडलं. अबोला असल्यामुळे एका शब्दाशिवाय झालं. तपकिरी कातडं, याच रंगाचा हा शेवटचा चांगला तुकडा होता. भोकं अशी पडलीत की मी स्वतः दोनदा बघितली. मावशींकडे शिवायला दिली.

१८ मार्च

दोन्ही उजवे आहेत.

मोठा उजवा आणि लहान उजवा. शिवून झाल्यावर मिस्तरींनी लहान बूट डाव्या फर्म्यावर ओढला. बसेना. पुन्हा ओढला. बाहेरची नक्षी आतल्या अंगाला येत होती. डावा साचा कातड्यावर उलटा ठेवून आखला गेला होता. वर लिहिलेलं खाली गेलं होतं. आणि मी त्यावर दीडशे भोकं पाडली आणि माझ्याही लक्षात आलं नाही. पाच महिन्यांचा अनुभव म्हणे.

मालक आले. पडदा धरून उभे राहिले. बाई दोन आठवड्यांनी निघणार. "उद्या सकाळी बोलू," म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ मार्च, सकाळी, कामाआधी

काल सुटताना जिन्यापाशी मी मावशींना म्हणालो, "आखलं मिस्तरींनी. साच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आंधळे आहेत का ते?"

मावशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी एक पायरी खाली उतरलो.

"तुला डोळे आहेत ना?" म्हणाल्या. "मग पाच महिने काय बघत होतास?"

मिस्तरींची नजर जाऊन दोन वर्षं झाली म्हणे. मालकांना माहीत नाही. कातड्याच्या साच्याची एक बाजू खरखरीत असते, ती खाली, बोटाला कळतं. माझ्या प्लॅस्टिकला खरखरीत बाजूच नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, वर कुठली बाजू. मी म्हटलं, लिहिलंय ना.

खोलीवर आल्यावर एकेक गोष्ट मागं जाऊन बघत होतो. पेला. सुया. चिठ्ठी. शुक्रवार. त्यांनी खरंच मला ओळखलं नव्हतं. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो, आणि माझ्या अंगावर असं काहीच नव्हतं ज्यावरून त्यांनी मला ओळखावं. वास दुसऱ्याचा, आवाज दुसऱ्याचा.

म्हणजे ते जे बोलले ते माझ्याबद्दल खरंच बोलले. आता वाचून ते टोमणे वाटतात का ते बघायला शुक्रवारचं पान उलटलं. शरमेनं मिटलं.

मालकांपुढं काय बोलायचं ते ठरत नाही. आखलं त्यांनी हे खरंच आहे. मी नुसतं खरं सांगितलं तरी ते जातात आणि मी खुर्चीवर बसतो.

१९ मार्च, दुपारी

मालकांनी तिघांना पुढं बोलावलं. टेबलावर दोन्ही उजवे ठेवलेले.

"कुणी आखलं?"

मी म्हणालो, "मी. मिस्तरींनी सांगितलं नव्हतं, माझं मीच आखलं." मजल्यावर थांबून, एकदम साफ.

मिस्तरी म्हणाले, "खोटं बोलतोय. ऐका त्याचा आवाज. खोटं बोलायला याला परका आवाज लागतो." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूला, तोंड करून म्हणाले, "माझ्या हाताची चूक तू आपल्या नावावर घेणार? तेवढी तुझी लायकी झाली नाही अजून."

आणि मालकांना सगळं सांगितलं. उजव्या डोळ्याला उजेड आणि आकार कळतो, डाव्याला तेवढंही नाही.

मालक खुर्चीवर बसले. दोन्ही बूट उलटे करून बघितले. म्हणाले, "मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतंत."

"हो," मालक म्हणाले. "तेच करावं लागेल. पुढच्या महिन्यापासून विश्रांती घ्या." मला म्हणाले, "तुझं काउंटरचं ठरलंय ते ठरलंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नकोऽऽ." शेपटासकट. "मी मागंच बसतो. ते सांगतील, मी बघेन. दोघांत मिळून एक मिस्तरी होतो कीऽ."

"मला कुणी विचारलं?" मिस्तरी कडाडले. "मला नकोय हा. साचा प्लॅस्टिकचा करतो."

मावशी पदराआड हसल्या की रडल्या, कळलं नाही.

मालक म्हणाले, "नीट ऐक. काउंटर मी माझ्या भाच्याला देईन, मग मागाहून मागायला यायचं नाही. बाईंचा जोड एकतीस तारखेला पाहिजे. तो पायात बसला तर तुमचं दोघांचं टेबल राहील. नाही बसला तर टेबल बंद, बाहेरून माल घेईन. मग तुझीही वाट वेगळी."

मी हो म्हणालो.

२२ मार्च, रविवार

ताईला सांगितलं. ती म्हणाली, आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय की तू खुर्चीवर बसणार. मी म्हटलं, "मग सांग तिला, बसतोच, पण स्टुलावर. आणि तेही महिनाअखेर कळेल." आईनं मागून फोन ओढून घेतला. कुठलीही प्रस्तावना न करता गुडघ्यावर आली. चाळीस मिनिटं.

२५ मार्च

कातडं दुसऱ्या रंगाचं मिळालं, गडद. बाईंना फोनवर मालकांनी विचारलं, त्या म्हणाल्या रंगाचं काही नाही, पायाचं बघा. साचे कातड्याचे केले. आखायला मिस्तरींनीच घेतलं. मी म्हटलं मी आखतो, तर म्हणाले, "तू फक्त तोंड चालव." मग मी शेजारी बसून सांगत राहतो, रेघ कडेला आलीय, आता कातड्यावर डाग आहे, तो सोडा. डाग कसा आहे विचारतात. मी सांगतो, तांदळाच्या दाण्याएवढाऽऽ. ते म्हणतात, मग चालेल, तो शिवणीत जाईल.

दिवसभर बोलून घसा बसला. एवढं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

३० मार्च

झाला जोड. मला दोष दिसत नाही. मावशींनाही दिसत नाही. झोप येणार नाही बहुतेक.

३१ मार्च

बाई अकरा वाजता आल्या. मालक, त्यांचा भाचा नव्या शर्टात, मावशी पडद्याशी. मिस्तरींना मी हाताला धरून पुढं आणायला गेलो तर हात झटकला, स्वतः आले.

बाईंनी बूट घातले, उभ्या राहिल्या. चेहरा उजळला. मालक म्हणाले, "छान बसलेत." माझा श्वास सुटला.

"चालून दाखवा," मिस्तरी म्हणाले.

बाई दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मिस्तरींनी मान खाली घातली होती. "पुन्हा." त्या पुन्हा चालल्या.

"डावी टाच उंच आहे," मिस्तरी म्हणाले. "एका थराएवढी. उशिरा सुटतेय जमिनीवरून."

मी वाकून बघितलं. मालकांनी बघितलं. कुणाला काही दिसेना. मालकांचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, चांगला बसलेला जोड म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं नापास केला.

बाई हळूच म्हणाल्या, "खरं आहे. मला जाणवत होतं. सवय होईल म्हणून बोलले नाही. आजवर सगळ्या बुटांची सवयच करून घेतलीय."

"सवय कशाला करता?" मिस्तरी म्हणाले. "काढा."

आत आणून मी टाचेचा एक थर सोडवला, त्यांनी बोटानं कड तपासली, मी खिळे मारले. पाऊण तास लागला. बाई पुन्हा चालल्या. एकदा, दोनदा, मग दार उघडून बाहेर फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. श्वास लागला होता. जुने बूट पिशवीत घालून द्या म्हणाल्या, हेच घालून जाते. जाताना मला म्हणाल्या, "आता सांगा, कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. तरी खूश दिसल्या. का, कुणास ठाऊक.

मालकांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "उद्या आठला या. दोघंही."

"हा साडेसातला येईल," मिस्तरी म्हणाले. "उद्यापासून आखायला शिकेल. डोळे होते तोवर मी कुणाला शिकवलं नाही. ती चूक साच्यापेक्षा मोठी."

ते अजून रागातच आहेत माझ्यावर, कारण जिन्यात विचारलं, साडेसातलाच का, तर फणकारले, "तेव्हा खिडकीतलं ऊन सरळ टेबलावर येतं म्हणून." तो उजेड कुणाला पाहिजे, मला की त्यांना, ते विचारायचं राहिलं.